न पाळलेल्यांचा लळा

(एका मराठी संकेतस्थळावरचा चर्चेचा धागा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रानजाई

आमच्या घरात कुत्रं नाही, मांजर नाही, आणि पुढेही येणार नाही. नवऱ्याला दमा आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी मी हौसेने मांजराचं पिल्लू आणलं होतं. चौथ्या रात्री त्याला नेब्युलायझर लावावा लागला आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू मैत्रिणीकडे गेलं. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं तेव्हा ते अंगभर पसरतं, सुकतं आणि धुळीसारखं हवेत तरंगत राहतं. घर कितीही झाडलं-पुसलं तरी ते पूर्ण जात नाही. त्या दिवसापासून मी तो विषय बंद केला.

या मार्चमध्ये पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्याकडे शेरू आहे, सात वर्षांचा, बत्तीस किलोचा लॅब्राडोर. काकूंना तो झेपत नाही, ओढत नेतो. त्या लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू सकाळी चालायला जातेसच, आठवडाभर याला नेशील का?" त्या आठवड्याचे आता सहा महिने झालेत.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी खाली जाते. बेल वाजवायच्या आधीच आतून शेपटीचा आवाज येतो, चपलांच्या लाकडी कपाटावर थाप, थाप, थाप. माझी पावलं तो जिन्यातच ओळखतो. सध्या पारिजातक फुललाय, त्यामुळे फाटकाशी पहिला मुक्काम ठरलेला. पडलेल्या फुलांत तोंड घालून हुंगतो, ओल्या नाकाला एखादं फूल चिकटतं, मग शिंकून ते उडवतो आणि माझ्याकडे बघतो. फिरून आलं की मी जिन्याच्या पायरीवर बसते. तो हनुवटी माझ्या पावलावर टेकवतो आणि डोक्याचा सगळा भार सोडून देतो. त्या पाच मिनिटांत मी हलत नाही. घरी गेल्यावर कपडे थेट मशीनमध्ये, हातपाय धुऊन मगच आत. नवऱ्याला आजवर त्रास झालेला नाही.

दुसरी आहे जिन्यातली मनी. तिला मी आजवर हात लावलेला नाही. ती मीटरच्या पेटीवर बसते, मी दोन पायऱ्या खाली. मी डोळे सावकाश मिटून उघडते, थोड्या वेळाने तीही तसंच करते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. माणसाने असे संथ डोळे मिटले तर मांजरं उत्तर देतात आणि जवळही येतात. मनी अजून जवळ येत नाही, पण उठूनही जात नाही.

तुमच्यापैकी कोणाला असा लळा आहे का? आणि एक प्रश्न मनापासून विचारते. काका आता काठी सोडून चालायला लागलेत, महिन्याभरात शेरूला तेच नेतील. या विचारानेच मला कसंतरी होतं. दुसऱ्याच्या जनावरावर किती जीव लावायचा?

चिंचोका

रानजाई, पायरीवरचा शेरू अगदी डोळ्यांसमोर आला.

आमच्या लालबागच्या चाळीत एकच मांजर आहे आणि ती कोणाचीच नाही. दहा नंबरात ती चिंगी, गॅलरीच्या टोकाला राणी, आमच्याकडे नुसती 'अगं बाई'. पांढरी-काळी-पिवळी, तिरंगी आहे. (अवांतर: तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. काळा की पिवळा हे एक्स गुणसूत्रावर ठरतं, दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स लागतात. बोका तिरंगी असणं फार दुर्मीळ.) बुधवार, शुक्रवार, रविवार तिला बरोबर कळतो. कोळीण फाटकातून आत यायच्या आधी ही खालच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली असते. श्रावणात सगळी चाळ वशाट बंद करते, तेव्हा बावीस नंबरचे मामा फक्त तिच्यासाठी सुकट आणतात आणि गॅलरीच्या कोपऱ्यात भाजतात. कोणी नाक मुरडत नाही.

एकदा ती दुसऱ्या मजल्यावरून पडली. मागचे पाय उचलेनात. मामांनी तिला भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून ठेवलं आणि आम्ही चौघं टॅक्सीने परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात गेलो. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो, बाई साकराबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव. १८८३ पासूनचं आहे. पूर्वी ट्रामचे घोडे, गाडीचे बैल तिथे यायचे म्हणून गिरणगावात अजून बैलघोडाच म्हणतात. केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसाने मालकाचं नाव विचारलं. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मामा पुढे झाले आणि त्यांनी चाळीचं नाव लिहून दिलं.

सहा आठवडे ती मामांच्या खाटेखाली खोक्यात होती. शेक द्यायच्या पाळ्या लावल्या होत्या. आता चालते, उडी मात्र जपून मारते. पुढे नसबंदीही करून घेतली, कानाचं टोक कापलेलं आहे, त्यावरून ओळखू येतं.

पिंपळपान

+१. वाचतेय. कामावरून आल्यावर सविस्तर लिहिते, माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

तळमजला

धागा छान आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. राग मानू नये.

आमच्या इमारतीत एक ताई रोज संध्याकाळी सात वाजता जिन्याच्या तोंडाशी सहा-सात कुत्र्यांना खायला घालतात. त्यांचा जीव आहे त्यांच्यावर, मला मान्य आहे. पण त्याच वेळी मुलं क्लासवरून परत येतात. गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पिंढरीला चावा बसला. रक्त आलं होतं. पहिल्या दवाखान्यात जखमेत द्यायचं इंजेक्शन नव्हतं, दुसरीकडे पाठवलं, तिथे रात्रीचे अकरा वाजले. तो अजून एकटा जिना उतरत नाही. मी खालून हाक मारली की वरून विचारतो, "बाबा, आहेत का तिथे?" जनावराची सोबत ज्याला हवी त्याने घ्यावी, पण ती न मागणाऱ्याच्या वाट्याला का यावी?

गोठ्यातला डॉक्टर

तळमजला, राग कोण मानेल? तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. मी पशुवैद्य आहे, सांगलीकडे असतो. दोन गोष्टी सविस्तर लिहितो, कारण त्या सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत.

चावा किंवा ओरखडा असेल तर पहिलं काम घरीच करायचं. वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना. लस कातडीत देतात तिथे शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते, दंडात दिली तर चौदाव्या दिवशीही, एकही चुकवायची नाही. रक्त आलेलं असेल तर जखमेच्या आसपास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, तुम्हाला रात्री शोधावं लागलं ते बहुधा हेच. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस हाती लागत नाही, म्हणून यात चालढकल करायची नाही. जे रोज भटक्या जनावरांजवळ जातात त्यांनी चावा बसायच्या आधीच लस घेऊन ठेवावी. खायला घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगतो.

आता जिन्याचं. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. त्यात सोसायटीने आणि खायला घालणाऱ्यांनी मिळून जागा आणि वेळ ठरवावी असं स्पष्ट म्हटलंय. जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, फाटकापासून, जिन्यापासून लांब हवी. वेळ मुलं आणि म्हातारी माणसं वावरत नाहीत अशी हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नेमून दिलेल्या जागीच खायला घाला, रस्त्यावर नको, असंच सांगितलं. म्हणजे तुमची मागणी आणि त्या ताईंची माया यांत भांडण असायचं कारण नाही. जागा चुकली आहे. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालंय का तेही बघा. झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते.

आणि घालायचं काय, तेही लिहितो. ग्लुकोजच्या बिस्किटांनी पोट भरत नाही. भात, उकडलेलं अंडं, चिकनचे बिनहाडाचे तुकडे, मीठ-मसाला न घालता. कांदा-लसूण नको. चॉकलेट नको. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, त्यामुळे सत्यनारायणाचा शिरा कितीही प्रेमाने द्यावासा वाटला तरी देऊ नका. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीनेही मरतं. अशी दोन मांजरं माझ्या टेबलावर गेलीत. दोन्ही वेळी देणाऱ्यांनी जीव लावूनच दिली होती.

मांडवीपार

आमच्या गोव्यात किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा धागा फार जवळचा वाटेल. मे संपता संपता शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती हॉटेलं, उतरवतात. झावळ्या, बांबू, टेबलं सगळं ट्रकमध्ये चढतं. कुत्री तिथेच राहतात. आठ महिने पाहुण्यांच्या ताटातलं खाऊन गुबगुबीत झालेली कुत्री जूनच्या पावसात रिकाम्या वाळूवर फिरताना बघवत नाही.

मी पाच वर्षं जून ते सप्टेंबर पाच कुत्र्यांना शीत (भात) आणि पेडव्यांची (छोट्या मासळीची) डोकी शिजवून नेते. कधी नुसती पेज, त्यात अंडं. तांबडा म्हणून एक आहे, तो माझ्या स्कूटरचा आवाज वळणावर ओळखतो आणि पावसात भिजत रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहतो. ऑक्टोबरात शॅक परत उभे राहिले की तो मला विसरतो असं नाही, पण त्याची संध्याकाळ तिकडे असते. मला त्याचं काही वाटत नाही.

डॉक्टरांनी लिहिलंय त्याला जोड: इथे मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकारने मिळून गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना लस दिली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. आमच्या वाड्यावर लस देणारी मुलं यायची तेव्हा तांबड्याला धरून बसायचं काम माझ्याकडे असायचं. तो थरथरायचा, पण माझ्या हातातून सुटायचा नाही.

धुकं

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. भाड्याच्या घराच्या करारातच लिहिलंय, प्राणी ठेवायचे नाहीत. इथे सिनॅमन ट्रस्ट नावाची संस्था आहे, १९८५ पासूनची. वृद्ध किंवा फार आजारी माणसांना त्यांचं कुत्रं फिरवता येत नसेल तर ती स्वयंसेवक देते. हेतू असा की म्हातारपणामुळे कोणाचं जनावर तुटू नये. मी नाव नोंदवलं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आजींची मिली माझ्या वाट्याला आली. छोटी, तारेसारख्या केसांची टेरियर. मंगळवार आणि गुरुवार.

मी तिच्याशी मराठीतच बोलायचो. पहिल्या हिवाळ्यात मला दिवसभर मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं. "चल", "थांब गं", "घरी जाऊया" तिला कळायला लागलं. आजींनी ते ऐकून "चल" शिकून घेतलं, त्या दारात पट्टा हातात घेऊन मिलीला "चल, चल" म्हणायच्या.

रानजाई, तुमच्या प्रश्नावर. मिली या फेब्रुवारीत गेली. शेवटच्या दिवशी आजींनी मला फोन केला, म्हणून मी होतो. पट्टा अजून दारामागच्या खुंटीवर आहे. पुढच्या गुरुवारी काय करावं ते मला कळेना, म्हणून नेहमीच्या वेळेला जाऊन बेल वाजवली. आजी कोट घालून तयार होत्या. आता गुरुवारी त्या आणि मी चर्चसमोरच्या बाकापर्यंत जाऊन येतो.

पिंपळपान

धुकं, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

सकाळी म्हटलं होतं ते लिहिते. मी नाशिकला भाड्याने राहते. पाळायची परवानगी नाही, पण घरमालकीणबाई म्हणाल्या, "दोन महिने पाहुणे ठेव, चालेल." म्हणून मी मांजराची पिल्लं सांभाळून देते. मोठी करायची आणि चांगल्या घरी द्यायची. आतापर्यंत अकरा.

पहिली तीन रिक्षाच्या मागच्या सीटखाली सापडली होती. डोळे नुकते किलकिले झाले होते, म्हणजे दहा दिवसांची असतील. आईची सहा तास वाट पाहिली, आली नाही. अशा पिल्लांना दर तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गाईचं दूध चालत नाही, हगवण लागते, पिल्लांसाठीची वेगळी पावडर मिळते. पाजताना पिल्लू बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. आईच्या कुशीत असतं तसं पोटावरच ठेवायचं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खाली हळूहळू पुसायचं, तेव्हा शू होते. आई जिभेने करते ते आपण कापसाने करायचं. रोज सकाळी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर वाटीत ठेवून वजन. दिवसाला दहा ग्रॅम वाढलं की माझा तो दिवस चांगला जातो.

आठव्या आठवड्यानंतर देते. पहिल्यांदा दिलं तेव्हा ती ताई पिल्लू घेऊन जिना उतरली आणि मी दार लावून तिथेच जमिनीवर बसले. वाटीत त्याचे दोन केस चिकटले होते. अजूनही प्रत्येक वेळी रडते. मग फोटो येतात, कोणी फ्रिजवर चढलंय, कोणी पुस्तकांच्या कप्प्यात झोपलंय. ते बघून पुढच्या पिल्लांसाठी बाटली उकळायला ठेवते. किती जीव लावायचा हे मला ठरवता येत नाही. पिल्लाला तीन तासांनी भूक लागते, तेवढं ते ठरवून देतं.

शिवारातला

आमचं गाव फलटणच्या पुढे. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे (मेंढरांसह फिरणारे तांडे) कोकणाकडे निघतात. वाटेत आमच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवायची, खत होतं, त्याच्या बदल्यात वडील ज्वारी द्यायचे. घोडी, बिऱ्हाडं, कोंबड्या, आणि चार कुत्री. ती लांडग्यासाठीची कुत्री, अंगाला हात लावून घेणारी नव्हेत. वडिलांनी बजावलं होतं, जाळीच्या आत हात घालायचा नाही.

त्यात बाळ्या म्हणून एक राखाडी होता. मी दुसरीत असताना तो माझ्यावर गुरगुरला. तिसरीत नुसता बघत राहिला. चौथीत मी बांधावर बसलो होतो आणि तो चालत आला, माझ्यापासून हातभर अंतरावर बसला, पाठ माझ्याकडे आणि तोंड मेंढरांकडे. तासभर तसाच. धनगराची म्हातारी म्हणाली, "तुला मोजलंय त्येनं आता." म्हणजे राखायच्यात मी पण आलो. आजी त्याच्यासाठी भाकरी द्यायची ती तूप चोपडून. नामदेवांच्या हातची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ती गोष्ट दर वर्षी त्याच वेळी सांगायची.

वर्षातून दोन रात्री. सातवीत होतो तेव्हा वाडा आला, बाळ्या नव्हता. म्हातारीने विचारायच्या आधीच सांगितलं. मी बांधावर त्याच जागेला बसून आलो. आज माझ्या घरी दोन कुत्री आहेत, माझी स्वतःची. त्यांच्यावर जीव आहेच. पण बाळ्या मला मोजायचा, ते वेगळं होतं.

तळमजला

डॉक्टर, आभार. नियमांचा तो भाग छापून रविवारच्या मीटिंगमध्ये नेला. भांडणाच्या तयारीने गेलो होतो, खरं सांगतो. ताईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मला कोणी जागा दिलीच नाही, म्हणून जिन्यात घालत होते." पंपाच्या खोलीमागची जागा ठरली, रात्री दहा वाजता. सातपैकी तिघांच्याच कानाला खाच आहे, बाकीच्या चौघांसाठी महापालिकेला अर्ज केलाय, त्यावर पहिली सही ताईंची आणि दुसरी माझी आहे.

मुलगा अजून घाबरतो. त्याला मी घाई करणार नाही. पण काल गॅलरीतून खाली बघून विचारत होता की त्यातल्या पांढऱ्याचं नाव काय.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. बैलघोड्याचा केसपेपर मी नवऱ्याला वाचून दाखवला.

एक तारखेला काका म्हणाले, उद्यापासून मी नेतो. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटेच जाग आली, चहा केला, गॅलरीत गेले नाही. सहा वीसला फोन वाजला. काका खालून बोलत होते. "अगं, हा पारिजातकाखाली बसलाय. पाच मिनिटं झाली. ओढून बघितलं, लाडू दाखवला, हलत नाही. तुझ्या जिन्याकडे बघतोय." मी घरच्याच चपला घालून उतरले. शेरू उठला नाही, नुसती शेपटी जमिनीवर आपटायला लागला, सगळी फुलं उडाली.

आता असं ठरलंय की पट्टा काकांच्या हातात आणि मी बाजूने. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत काका येतात, तिथे स्टुलावर बसून पेपर वाचतात, आणि पुढची फेरी आमची दोघांची. परत येताना शेरू लांबूनच काकांना बघतो आणि धावत सुटतो, मला धापा टाकत मागे जावं लागतं. पायरीवरची पाच मिनिटं आहेत अजून, तेवढा वेळ काका थांबतात.

मनी मीटरच्या पेटीवरून एक पायरी खाली आली आहे.

आज संध्याकाळी काकूंचा निरोप आला, उद्या पाऊस आहे, येताना एखादा जुना टॉवेल घेऊन ये, आमचे दोन्ही ओले आहेत. नवऱ्याने कपाटातून एक काढून दाराशी ठेवलाय.